श्रावणातली माशाच्या तेलाची गोळी

खिडकीत ठेवलेल्या बाटलीवर ऊन पडलं की आतल्या गोळ्या मधासारख्या चमकतात. माशाच्या तेलाच्या आहेत, हृदयासाठी. लेकीने परदेशातून पाठवल्या. डॉक्टरांनी दिलेली औषधं मी मुकाट घेते, पण या गोळ्यांना श्रावणात हात लावत नाही.

"आई, गोळीला कसला गं श्रावण?" लेक फोनवर चिडली.

"मासा तो मासाच," मी म्हटलं.

हृदयाच्या दुखण्याने माझं लोणचं बंद केलं, जिना बंद केला. जन्मभर बांगड्यावर वाढलेली मी, एक महिना स्वतःच्या जिभेला नाही म्हणू शकते, एवढीच सत्ता माझ्याकडे उरली आहे. तीही या बाटलीच्या हवाली करू?

लेकीचा आवाज हळू झाला. "छातीत धडधडतं का गं?"

"धडधडतं तर! जिवंत आहे मी अजून."