नुसतं मेण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. माझी दया येणार असेल तर मात्र इथंच थांबा.

मी नेसरीचा. घरातला पहिला पदवीधर. गावातल्या डॉक्टरांनी शेजारी बसवून माझा कॉलेजचा अर्ज भरून घेतला होता. त्यांचे उपकार मी सगळीकडे सांगत असतो.

कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत मी कर्करोगाच्या जुन्या गाठींवर काम करतो. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात वर्षानुवर्षं जपलेला असतो. त्याचे पातळ काप काढायचे, त्यातला आरएनए वेगळा करायचा, कोणतं जनुक किती सक्रिय होतं ते मोजायचं. नियम एकच — थोडा तुकडा शिल्लक ठेवायचा. पेशंटला पुन्हा लागू शकतो.

आमच्याच गावच्या एका बाईच्या ठोकळ्यातून आकडे नीट येईनात. मी आणखी काप काढले — आणि आणखी. माझा पीएचडीचा प्रबंध अडला होता ना. शेवटी आकडे नीट आले, आणि पात्याखाली नुसतं पांढरं मेण आलं. ठोकळा गुपचूप जागेवर ठेवला.

मग बाईचा आजार उलटला. कोणतं औषध चालेल हे ठरवायला तोच तुकडा मुंबईत तपासायचा होता. नवरा न्यायला आला. चपला दाराबाहेर काढून उभा — अगदी माझ्या वडिलांसारखा. मला संताप आला. त्यानं काय केलं होतं माझं?

"चपला घाला आधी. देऊळ आहे का हे?"

"ऱ्हाऊ द्या की सायेब. ह्ये उन्हानं वितळंल का?"

"सावलीतनं न्या."

एवढंच बोललो. ओल्या रुमालात गुंडाळून त्यानं ते मेण मुंबईला नेलं.

तिथून फोन आला. "सायेब, ह्यात नुसतं मेण हाय म्हणत्यात."

"गावच्या डॉक्टरांनी तुकडाच इवलासा काढला असेल," मी म्हणालो.

गावच्या डॉक्टरांनी — माझ्या डॉक्टरांनी. तो जाऊन भर दवाखान्यात त्यांना नको नको ते बोलला. संध्याकाळी त्यांनी मला फोन करून विचारलं, "इतका लहान काढला होता का रे मी?"

"असेल, सर."

नवा तुकडा काढण्याइतकी ताकद बाईत उरली नव्हती. औषध अंदाजानं दिलं. ती गेली.

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर डॉक्टरांचे आभार आहेत. आतल्या आलेखात ती बाई एक ठिपका आहे. ठिपका बरोबर जागी आहे.