बोंगोवर आईचे शब्द

सांगलीच्या ऑर्केस्ट्रात गाणारा माझा मित्र गाण्यांपेक्षा मधल्या बोलण्यावरच जास्त टाळ्या घ्यायचा. बोंगोच्या ठेक्यावर तो एका दमात यमकं जुळवत सुटायचा. त्या गणपतीत तो आमच्या गल्लीत आला, तेव्हा मी हौसेनं आईला पुढच्या सतरंजीवर बसवलं. त्यानं ठेका धरला, "पोरगं न्हाई, दगूड हाय, दारात नुसता पडून हाय."

मी मॅट्रिकला नापास झालो तेव्हा चुलीपुढं रडत आई जे बोलली होती ते सगळं, अगदी तिच्या आवाजात. गल्ली पोट धरून हसली. त्या नालायकाला मी ते विश्वासानं सांगितलं होतं.

आईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. ती मागं वळून गर्दीत मला शोधत होती.