गसगसालू

एका शब्दानं माझा जीव टांगणीले लावला होता. पण त्याच्या आधी दोन ठाण्यांनी लावला, म्हणून तिथूनच सांगते.

लेक दुबईले. जावयाची बारा घंट्याची ड्युटी. पोट्टी पहिलटकरीण, घरात ना सासू ना नणंद. फोनवर रडून म्हणली, "आई, येशील ना व? मले लय भेव वाटून राह्यलं." मी म्हणलं, "येते ना माय. तुझ्या कळा सुरू व्हायच्या आत येते." बोलून बसली. पासपोर्ट कशाशी खातात, मले कुठं ठाऊक!

नेमके त्याच दिवसांत जिल्ह्याचे चार तुकडे झाले. आमचं गाव आदिलाबादातच राह्यलं, पण जुन्या मंडलातून, म्हणजे तालुक्यातून, उचलून नव्या मंडलात टाकलं. पासपोर्टची चौकशी गेली जुन्या ठाण्यात. ते म्हणत, "तुमचं गाव आता आमच्याकडं नाही." नव्या ठाण्यात गेली, तर ते म्हणत, "कागद आमच्याकडं आलाच नाही." अरे बाप्पा, मग मी हाव तरी कोणाची? घर होतं तिथंच, वांग्याचं वावर होतं तिथंच. वांगे तोडायचे सोडून मी महिनाभर या दारातून त्या दारात चपला घासल्या. पासपोर्ट हातात आला तवा लेकीले नववा लागला होता.

मले बीपी अन् सुगर. लेकीनं बजावलं होतं, गोळ्या जास्तीच्या आण, डॉक्टरची चिठ्ठी आण, अन् सगळं हातातल्या बॅगेत ठेव. मी हुशारी केली. जागा वाचावी म्हणून साऱ्या गोळ्या पाकिटातून सोलून एका डब्बीत भरल्या. डॉक्टरनं डब्बी पाह्यली अन् कपाळावर हात मारला. "बाई, ह्या कशाच्या गोळ्या आहेत हे तिथं कोणाले कळंल?" परत साऱ्या नव्या घेतल्या. चिठ्ठीवर पत्ता लिहाच्या वेळी त्यानं इचारलं, मंडल कोणतं? माझं डोकंच सणकलं. म्हणलं, "पासपोर्टात जे हाये तेच लिहा, दुसरं काई इचारू नका."

मग आदिलाबादले तिकिटाच्या दुकानात गेली. दुकानदारानं तिकिटासंगं एक कागद देला. त्या देशात काय काय न्यायचं नाही, त्याची यादी. सारी तेलुगूत. मी मराठी शाळेची सातवी. भाजी इकता इकता तेलुगू आलं ते बाजारापुरतं. वंकाया, टमाटा, आलुगड्डा. वाचता एक अक्षर येत नाही. म्हणलं, "पढके सुनाओ भैया." मागं गिऱ्हाइकं उभे होते. त्यानं पाढे म्हणावे तशी भरभर यादी म्हणली, अन् मधात एक शब्द आला, गसगसालू.

आलू? मी मनात म्हणलं, हे कोणत्या जातीचं आलू व? आपण तर कधी इकलं नाही. इचारावं वाटलं, पण दुकानदार घाईत, मागचे लोक खेटून राह्यले. "समझ गए ना?" तो म्हणला. मी मान हलवली. जन्मभर हेच केलं. हापिसात कोणी काई वाचून दाखवलं की माझी मान आपोआप हलते. अन् मले काय, मी दुबईले आलू कायले नेऊ? तिथं काय आलू मिळत नाही?

घरी येऊन लाडवाले बसली. डिंक तळला, खारीक कुटली, खोबरं किसलं, मेथी तुपात भिजवली. अन् वाटीभर खसखस भाजून टाकली. बाळंतिणीले झोप लागावी, कंबर भरून यावी, म्हणून जरा सढळ हातानंच टाकली. लाडवाचा डब्बा लुगड्यांत गुंडाळून बॅगेत ठेवला.

आमच्या मालकानं आदिलाबादले हैदराबादच्या बशीत बसवून देलं. बाजूले एक तेलुगू बाई. तिनं मले मुरुकुलू, म्हणजे चकल्या, देल्ले, मग मी डब्ब्यातला एक लाडू काढून देला. तिनं अर्धा खाल्ला, डोळे मिटले अन् खुशीत म्हणली, "गसगसालू येसिनवा?" म्हणजे टाकले का?

मी म्हणलं, "आलू? लाडवात आलू कुठून येईन व बाई?"

ती हसली. बोटाले चिकटलेला खसखशीचा एक दाणा तिनं माझ्या डोळ्यासमोर धरला. "गसगसालू," म्हणली.

व माय! म्हणजे खसखसच न्यायची नव्हती! फोन लावला. लेकीले लाडवाचं सांगतलं. ती फुटलीच. "आई, खसखस इथं अफूत धरतात, जेलात टाकतात! तू तिकडं जेलात अन् मी इकडं एकटी बाळंतीण? यादी नीट पाह्य म्हणून सांगतलं होतं ना?" काय सांगू तिले, की यादी ऐकली होती, अन् समजली म्हणून मानही हलवली होती?

निर्मलच्या बसस्टँडवर गाडी थांबली. मी बॅग खाली ओतली. लाडू डायवरले देले, कंडक्टरले देले, साऱ्या बशीले देले. लोकं वा वा करून राह्यले अन् मी रडून राह्यली. त्या बाईनं अन् मी एकेक लुगडं झटकलं, शिवणी उलटून पाह्यल्या. दाणा सापडतच जाय. मेला एकेक दाणा! डब्बा तिलेच देऊन टाकला. सगळ्यात जास्त राग मले दुकानदाराचा नाही, माझ्या मानेचा आला.

दुबईच्या इमानतळावर त्यांनी बॅग उघडली. चिठ्ठी वाचली, गोळ्यांची पाकिटं उलटून पाह्यली, अन् जाऊ देलं. बाहेर आली तवा कुठं श्वास घेतला. लेकीनं गळ्यात पडून आधी इचारलं, "एकबी लाडू नाही आणला?" मी तिच्या पोटावरून हात फिरवला.

चौथ्या दिवशी कळा सुरू झाल्या. मी जवळ होती. नातू झाला.

घरी सोडायच्या वेळी नर्स आली, हातात कागद. लेक रातभराच्या जागरणानं पेंगून राह्यली होती, म्हणून ती मलेच हिंदीत भरभर सांगू लागली. पोराचे डोळे पिवळे दिसले तर काय, दूध ओढलं नाही तर काय, लेकीचं अंगावरून जास्त गेलं तर किती वेळात आणायचं. दारात दुसरी बाळंतीण थांबलेली. "समझ गए ना, अम्मा?"

माझी मान हलायले लागली होती. मी पोराकडं पाह्यलं.

"नहीं समझी," मी म्हणलं. लेकीनं माझा पदर ओढला, "आई, जाऊ दे ना, तिले घाई हाये." मी पदर सोडवला अन् नर्सच्या समोर खुर्ची ओढून बसली. "फिरसे बोलो. पहलेसे."