पप्पांच्या टाक्यांवरची पट्टी

हॉस्पिटलमध्ये होणारा संसर्ग कसा टाळावा, यावरची प्रश्नावली आम्ही मेडिकलच्या थर्ड इयरला वर्गात बसून भरली होती. माझी सगळी उत्तरं बरोबर आली. हात कधी धुवायचे, किती वेळ, कोणत्या क्रमाने, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. अशी मी हुशार.

त्याच महिन्यात पप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन उल्हासनगरच्या एका खासगी हॉस्पिटलात झालं. बदलापूरच्या कात्रप भागातल्या आमच्या बिल्डिंगमधून डॉक्टर होणारी मी पहिलीच. पप्पा अंबरनाथला कंपनीत जाता-येता भेटेल त्याला हे सांगायचे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या वॉर्डातून थेट त्यांच्याकडे गेले, अंगात तोच अ‍ॅप्रन. तो बघून वॉचमनने भेटीची वेळ संपलेली असूनही आत सोडलं. बदलापूर गावातून आलेली आत्या पप्पांजवळ बसली होती.

"ए डॉक्टरीणबाई, बघ तरी टाके कसे घातलेत," ती म्हणाली. "आम्हाला काय कळतंय त्यातलं!"

बेसिन चार पावलांवर होतं. मी गेले नाही. दोघं कौतुकाने माझ्याकडे बघत होती आणि मला ते आवडत होतं, एवढंच कारण. मी चिकटपट्टीचं टोक उचललं, टाक्यांच्या कडेने बोटाने दाबून बघितलं, "एकदम मस्त" म्हणाले आणि पट्टी पुन्हा चिकटवली.

पाचव्या दिवशी घरी पप्पांना ताप भरला. पट्टीखालून पू येऊ लागला. पुन्हा तिथेच नेलं. सर्जन म्हणाले, टाके उघडावे लागतील, आत बसवलेली जाळीही कदाचित काढावी लागेल. मग त्यांनी विचारलं, "ड्रेसिंग मधे कोणी उघडलं होतं का?"



"ही सिस्टर हातच धूत नाही," मम्मी भडकून म्हणाली. सिस्टर तिथेच उभी होती, तिचा चेहरा पडला. बोल, आता तरी बोल, असं मी स्वतःला सांगत होते आणि तोंड उघडत नव्हतं. माझ्याच बोटांनी हे झालं की नाही, हे कधीच कळणार नव्हतं. तरी जीव नकोसा झाला होता.

"तिला कशाला बोलतेस?" पप्पा कण्हत म्हणाले. "साहेब, सिस्टरने नाही उघडलं. फक्त आमच्या मुलीने बघितलं."

सर्जन माझ्याकडे वळले. "हात धुतले होतेस?"

माझ्याआधी पप्पांनीच उत्तर दिलं.

"डॉक्टर आहे ती, साहेब."