ड्रॉइंग मास्तरांची पपई

कामरगावच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर फक्त स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या वस्तू काढत. पपई, तांब्या, कंदील, क्वचित एखादं वांगं. आणि सगळं पाटावरून आत्ता घरंगळेल असं. त्यांच्या तांब्याचं तोंड वरून दिसे आणि बूड बाजूनं. "एका जागी बसून तांब्या कोनाले पुरा दिसते काय?" असं ते मला विचारत. मी नुकतीच लागलेली भूगोलाची बाई.

मी त्यांच्या शेजारी भाड्यानं राहत होते. चित्र सुरू असलं की मांडलेल्या वस्तूंना हात लावायची घरात मनाई असे. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, तेवढे दिवस माझा तांब्या वापरत. पपई मऊ पडे, तिच्यावर चिलटं येत. मास्तर चिलटंही काढत.

"आता त फेका ते," काकू म्हणत.

"आनखी जराशी काळी होऊ दे."

एकदा शाळा समितीच्या अध्यक्षांनी कचेरीच्या भिंतीसाठी चित्र मागितलं. त्यांच्या मनात बहुधा बैलजोडी असावी. मास्तरांनी पपई दिली. अध्यक्षांनी मान आधी डावीकडे, मग उजवीकडे कलती करून पाहिलं.

"मास्तर, हे वाकडं काहून हाय?"

"वाकडं नाही साहेब. तसंच दिसते."

"मले नाही दिसत. सरळ करून द्या."

"मंग ते माहं राहनार नाही," मास्तर म्हणाले आणि चित्र काखेत मारून घरी आले.

लवकरच ड्रॉइंगचे तास बंद झाले आणि मास्तरांना कवायत मिळाली. त्यांच्या पोटाचा घेर पाहता शिक्षा नेमकी कोणाला झाली, ते सांगता येत नाही. मास्तरांनी रंग ट्रंकेत टाकले. पपई आणली त्या दिवशीच कापली जाऊ लागली. घर अगदी सुरळीत चालू लागलं, आणि काकूंचं जेवण कमी झालं.

दिवाळीच्या सुटीत एका सकाळी काकूंनी मला हाक मारली. अंगणात पाटावर पपई, तांब्या आणि कंदील मांडलेले. शेजारी ट्रंक उघडी. मास्तर दारात उभे.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"बसा अन् काढा. मले तुमची कवायत पाहवत नाही."

"तुले त माही चित्रं आवडत नाहीत."

"नाहीच आवडत," काकू म्हणाल्या. "म्हनून तुमी बंद करावं काय?"

मास्तरांनी ट्रंकेतून रंग काढले. मग बसले. दुपारी आम्ही चिवड्यावर भागवलं.

उन्हाळ्यात मास्तर ही नोकरी सोडून रिठदच्या शाळेत लागले. तिथं ड्रॉइंगचा तास होता. मी एसटीवर पोचवायला गेले. ट्रंका, गाद्या टपावर चढल्या. कंडक्टरनं काकूंच्या हातातल्या, जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या चित्राकडे हात केला.

"हे टपावर नाही जात," काकू म्हणाल्या. "पाहिजे त याचं तिकीट फाडा."

"हाय काय ते?"

"पपई."

कंडक्टरनं लुगडं बाजूला करून पाहिलं. "अशी असते काय पपई?"

"आमच्या घरी अशीच असते," काकू म्हणाल्या, आणि चित्र मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या.