धडा कुठे थांबवायचा

माझ्या नाकावर राग असतो, हे सासरी सगळ्यांना ठाऊक होतं. मद्रासला ते कळायला फारसे दिवस लागले नाहीत. नवऱ्याला गिंडीच्या नव्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि आम्ही नुंगंबाक्कमला एका घराच्या माडीवर बिऱ्हाड थाटलं. पुण्यात मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते. इथे मला तमिळ येत नव्हतं, त्यामुळे एकाही शाळेने मला दारात उभं केलं नाही. मी दिवसभर घरात बसून चिडचिड करायची आणि नवरा संध्याकाळी कारखान्यातून जरा उशिराच यायचा. त्याचंही बरोबर होतं म्हणा.

खाली घरमालक राहत. ते मराठीच, पण तंजावरचे. कैक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या घराण्यातले. त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. बखरीतला माणूस उठून तमिळ हेल काढत बोलायला लागला तर कसं वाटेल, तसं. घरात मुलगा, सून, बाकीची माणसं होती, पण शब्द चालायचा तो आजोबांचा. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बोलायला मृदू आणि ठरलेल्या गोष्टीत तसूभर न हलणारे. मुलगी मोठी झाली की शाळा बंद, हा त्या घरचा नेम. थोरली नात सोळा वर्षांची होती, धाकटी तिच्याहून थोडी लहान. दोघी घरीच होत्या. शेजारच्या तशाच एका घरातली मुलगीही दुपारी त्यांच्याकडे येऊन बसायची.

एक दिवस थोरली वर आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"बाई, मला मॅट्रिकला बसायचें आहे. खासगी. गणित माझे अप्पा सांगतील. इतिहास तुम्ही सांगाल कां?"

"आजोबांना विचारलंस?"

"शिकायला ना म्हणत नाहींत. परीक्षेला ना म्हणतात."

असा तो पेच होता. घरात बसून हवं ते शिका, पण परक्या ठिकाणी, परक्या माणसांत जाऊन पेपर लिहायचा नाही. तिच्यासाठी कुंभकोणकडची स्थळं पाहणं चालू होतं. लग्न ठरेपर्यंत शिकवणी चालेल, ठरलं की बंद. मला त्या मुलीची तेव्हाच भारी माया आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं की आवाजात विनवणी नव्हती. सरळ हिशेबी बोलणं होतं.

मी हो म्हटलं, पण माझ्या पद्धतीने शिकवीन म्हणून बजावलं. सनावळ्या घोकून घेण्याचा मला पहिल्यापासून तिटकारा. पुण्यात त्यापायी मुख्याध्यापिकेशी माझं वाजलंही होतं. एखाद्या काळात माणसं कशी जगली, काय खात होती, कशाला भीत होती, हे आधी कळलं पाहिजे. सन मागाहून आपसूक चिकटतो, असं माझं मत होतं आणि आजही आहे. म्हणून मी त्यांना कादंबऱ्या वाचून दाखवायची, नाटकातले प्रवेश, आत्मचरित्रं, महायुद्धातल्या शिपायांच्या कविता. इंग्रजी पुस्तकं वाचनालयातून आणायची, ती मुली पाळीपाळीने वाचत. मराठी मात्र मलाच वाचावं लागे, कारण बोलायला मराठी असलं तरी देवनागरी वाचताना त्या अक्षराअक्षराला ठेचकाळायच्या. कानांनी मात्र अशा तयार की विचारू नका. लहानपणापासून कीर्तनं ऐकलेली, त्यामुळे एकदा ऐकलेला उतारा दुसऱ्या दिवशी जवळजवळ तसाच्या तसा म्हणून दाखवायच्या. पाठांतराची हेटाळणी करणारी मी, मला पाठांतरात मुरलेल्याच विद्यार्थिनी मिळाल्या.

शिकवणी खालच्या ओसरीवर चाले. स्वयंपाकघराच्या दारात मुलींची आत्या बसलेली असे. पस्तिशीतली बाई, मोकळं कपाळ, हातात नेहमी काहीतरी काम. तांदूळ निवडणं, शेंगा सोलणं, वाती वळणं. लग्नानंतर दोन-चार वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परतली, एवढंच मला ठाऊक होतं. ती आमच्याकडे पाहायची नाही, पण ऐकत असायची. हे मला कळलं ते फ्रान्समध्ये राजाचा शिरच्छेद झाला त्या दिवशी.

मी तो प्रसंग अगदी रंगात येऊन सांगितला आणि पुस्तक मिटलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "बाई, तेथें मिटूं नका."

"का बरं?"

"मरणावर पोथी मिटूं नये. कांहीं शुभ येईतों वाचा, मग उठा."

मुलींना यात नवल वाटलं नाही. त्यांच्या घरी रामायण लागलं की रोजचं वाचन कुणाच्या जन्मावर, लग्नावर, निदान भेटीगाठीवर थांबे. वनवासावर किंवा वधावर ग्रंथ मिटायचा नाही, पान उलटून पुढे जायचं. पण मी पोथी वाचत नव्हते, आधुनिक युरोपचा इतिहास शिकवत होते! "अहो, ही क्रांती आहे. पुढे आणखी डोकी उडायची आहेत," मी म्हटलं.

"मग आणिक पुढें जा," आत्या शांतपणे म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडे वळली.

मी मनात चडफडले. पण मुली जागच्या हलेनात. शेवटी गुलामगिरी रद्द केल्याचा भाग शोधून काढला, तेव्हा कुठे मंडळी उठली. त्यानंतर हे रोजचंच झालं. आदल्या रात्री धडा तयार करताना मला थांबायची जागाही शोधून ठेवावी लागे. नेपोलियनला बेटावर सोडून चालायचं नाही. बंगालच्या दुष्काळाच्या दिवशी तर मी हात टेकले. भुकेल्यांसाठी उघडलेल्या एका लंगरावर कसाबसा शेवट केला, तर धाकटी म्हणते, "बाई, हें थोडेंच शुभ आहे." मी तिच्यावर ओरडले. पण खरं सांगायचं तर त्या खटाटोपात मी इतिहास नव्याने वाचायला शिकले. कुठल्याही हाहाकारात कोण कुणाला पाणी पाजत होतं, हे मी त्याआधी कधी शोधलंच नव्हतं.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं. हे तर परवापरवाचं. "घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, त्या वर्षांत तुमचं काय झालं, आणि ते मला गोष्टीसारखं सांगा," एवढंच काम दिलं. शेजारच्या मुलीने रेशनच्या रांगेची गंमत आणली. धाकटीने खिडक्यांच्या काचांना काळा कागद कसा लावत ते सांगितलं. थोरली म्हणाली, "माझें अजून पुरें झालें नाहीं."

त्याच आठवड्यात कुंभकोणहून निरोप आला. मंडळी पोंगल झाल्यावर मुलगी पाहायला येणार होती. आजोबांनी मला खाली बोलावलं, कॉफी दिली आणि फार सौजन्याने सांगितलं, "बाई, तुम्ही पुष्कळ श्रम घेतलेत. आतां पुरें करूं."

मला तिथेच भांडायचं होतं. जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं, कारण थोरली आजोबांच्या मागे उभी राहून मानेनेच मला नको नको म्हणत होती. मग ती पुढे आली. "अजोबा, शेवटला धडा तुम्ही ऐका. तुम्हीच म्हणतां ना, शिकलेलें मोठ्यांसमोर म्हणावें."

ते प्रसन्न झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरीवरच्या झोपाळ्यावर येऊन बसले. घरातली सगळी जमली. आत्या नेहमीच्या जागी दारात बसली होती, पुढ्यात वातींचा कापूस. थोरली कीर्तनाला उभं राहतात तशी हात जोडून उभी राहिली. ही काय सांगणार, ते मलाही माहीत नव्हतं.

तिने मद्रास उभं केलं. जपानी येणार अशी हूल उठली ते दिवस. स्टेशनावरची झुंबड, बंडीवर लादलेली भांडी, कुलपं लागलेले रस्ते, तुळशीला पाणी कोण घालणार म्हणून रडणाऱ्या बायका. आजोबा मान डोलावत होते. ते सगळं त्यांनी पाहिलेलं होतं.

"त्या शहरांत एक मुलगी होती," थोरली म्हणाली. "अभ्यासांत फार हुशार. तिच्या बापानें तिला शिकवलें होतें. मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आली होती. बापाचें आफीस बाहेरगांवीं हललें, त्यानें घरचीं अस्कीं माणसें तंजावरास पाठवलीं. मुलगी म्हणाली, परीक्षा देऊन जातें. बाप म्हणाला, जीव राहिला तर परीक्षा पुढल्या वर्षीं."

झोपाळ्याची कडी करकरायची थांबली. आजोबांनी पाय जमिनीला टेकवले होते.

"तंजावरास घर भरलेलें. कोणी म्हणालें, युद्धाचें काय होईल ठाऊक नाहीं, मुलगी उजवून टाका. स्थळ जवळच होतें. पुढल्या वर्षीं शहर भरलें, शाळा उघडल्या, परीक्षा झाली. त्या दिवशीं ती मुलगी सासरीं भात शिजवीत होती. शेजारच्या मुली परीक्षेला जातांना तिनें खिडकींतून पाहिल्या. बापानें कांहीं वाईट केलें नाहीं. त्यानें जीव वांचवला. इतकीच गोष्ट." आणि तिने नमस्कार केला.

सून पदराने डोळे पुसत होती. आजोबांनी विचारलं, "पुढें?"

"पुढें सांगायाजोगें शुभ नाहीं, अजोबा."

मी दाराकडे पाहिलं. रोज मला "तेथें मिटूं नका" म्हणणारी बाई काहीतरी बोलेल, आपल्या वडिलांना सोडवील, असं मला वाटलं. ती वात वळत राहिली. मान वर केली नाही.

"अशुभावर उठायचें नाहीं," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"नाहींच उठायचें. म्हणून उभी आहें," थोरली म्हणाली.

त्या पोरीच्या धिटाईने मी थक्क झाले. आजोबा नातीकडे पाहत नव्हते. लेकीकडे पाहत होते.

"तूं मला कधीं बोलली नाहींस," ते तिला म्हणाले.

"तुम्ही कधीं पुसलें नाहीं, अप्पा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने वळलेली वात तबकात ठेवली आणि दुसरी घेतली.

मग आजोबा माझ्याकडे वळले. "बाई, ही परीक्षा असते कोठें? जवळ आहे कां? कोणी सोबतीला थांबलें तर चालतें?"

माझ्या जिवात जीव आला. चालतं, म्हटलं. जवळच आहे, म्हटलं. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं, पण तेवढं शोधून काढायला मी समर्थ होते. कुंभकोणच्या मंडळींना परीक्षा होईपर्यंत थांबायला कळवलं गेलं. ती थांबली नाहीत, दुसरीकडे गेली. घरात चार दिवस कुरबुर झाली आणि मिटली.

परीक्षेला सोबत म्हणून आत्या आणि मी जायचो. बाहेर झाडाखाली बाक होता, तिथे पेपर सुटेपर्यंत बसायचो. मी वाचत बसायची. ती रिकाम्या हातांनी बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. इतिहासाच्या दिवशी थोरली लाल चेहऱ्याने धावत बाहेर आली. "अस्कें लिहिलें, बाई! अस्कें!" सगळंच्या सगळं लिहिलं होतं पोरीने! मी तिला रस्त्यातच मिठी मारली.

आत्याने हात पुढे केला. "पेपर दे पाहूं."

थोरलीने छापील कागद तिच्या हातात दिला आणि आम्ही थांब्याकडे निघालो. थोडं चालून गेल्यावर लक्षात आलं, आत्या मागेच राहिली होती. ती परत बाकावर बसली होती, कागद मांडीवर ताठ धरून. एका ओळीखाली बोट ठेवायची, डोळे मिटायची, ओठ हलायचे, मग बोट खालच्या ओळीवर.

बस येताना दिसली. थोरलीने हाक मारली, "अत्या, बस आली!"

"थांब गे," कागदावरचं बोट न उचलता ती म्हणाली. "माझा शेवटला प्रश्न राहिला आहे."

आम्ही दोघी परत गेलो आणि तिच्या शेजारी बसलो. बस निघून गेली.