पुलावरचा पांढरा टॉवेल

आखातातून सुट्टीवर निघालेल्या माणसाची बॅग त्याची स्वतःची कधीच नसते. अमका गावी निघालाय ही बातमी फुटली की संध्याकाळपासून दारात माणसं. कोणाचा दुधाच्या पावडरचा डबा, कोणाच्या बहिणीसाठी सेंट, कोणाच्या सासऱ्यांसाठी बाम आणि बॅटरी. नाही म्हणायची सोय नाही, कारण पुढच्या वर्षी आपल्यालाही त्याच्याच दारात जायचं असतं. येताना तीच बॅग सुकी मासळी, पापड आणि मसाल्याचा वास घेऊन परत यायची. आमच्या दोन घरांचं भांडण अशाच एका बॅगेतून सुरू झालं. ते भांडण मोठ्यांचं होतं आणि भोगलं आम्ही पोरांनी. हे मला अजून शांतपणे सांगता येत नाही, तेव्हा मध्येच आवाज चढला तर चढू दे.

बहरीनमध्ये, मनामाच्या नईम भागात आम्ही दोन कुटुंबं एका फ्लॅटमध्ये राहायचो. आम्ही वसईचे ख्रिस्ती. पप्पा जहाजदुरुस्तीच्या गोदीत होते, मम्मी इस्पितळात नर्स. ते नागपूरकडचे बौद्ध. काका एसीचे टेक्निशियन, काकू घरी बसून बायकांचे ड्रेस शिवायच्या. त्यांना एकच मुलगा, माझ्याहून वर्षानं मोठा. एकेक खोली ज्याची त्याची, स्वयंपाकघर आणि बाथरूम सगळ्यांचं. जयंतीला काकूंची खीर आमच्याकडे यायची, नाताळात मम्मीच्या करंज्या त्यांच्याकडे जायच्या. शुक्रवारी सुट्टी; दुपारी पप्पा आणि काका बनियनवर कॅरम खेळत बसायचे आणि एकमेकांना लबाड ठरवायचे. पप्पांना आयुष्यात दुसरा मित्र झाला नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

वसईला आजी दम्यानं बेजार असायची. तिला इथला, तोंडानं ओढायचा पंप मानवायचा, म्हणून कोणी निघालं की मम्मी पंप पाठवायची. पण औषध म्हटलं की लोक न्यायला घाबरत, कस्टमवाले काय धरतील त्याचा नेम नसे. त्यामुळे त्या काळी सगळे जे करायचे तेच मम्मीनं केलं. पंप बिस्किटांच्या डब्यात तळाशी, वर बिस्किटं, आणि डबा टॉवेलात गुंडाळून शिवून टाकला. सुट्टीवर निघालेल्या काकांना सांगितलं, "आजीला बिस्किटं आहेत." विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं. काकांनी काय काढावं? कोणाचं घड्याळ काढायचं, कोणाच्या लग्नाची साडी काढायची? त्यांनी बिस्किटं काढली आणि सोडायला आलेल्या मित्राच्या हातात दिली. त्या मित्रानंही बिस्किटंच समजून डबा सावकाश आमच्या घरी आणून दिला. तोवर आजी गेली होती.

काका सुट्टीवरून परतले त्या संध्याकाळी भांडण झालं. बॅगा अजून दारात होत्या.

"पंप होता त्यात, पंप!" पप्पा ओरडले.

"मंग सांगाले काय झालं होतं तुमाले?" काकांचाही आवाज चढला. "माह्या खिशात टाकून नेला असता."

काकांचं खरं होतं. पण ज्याची आई गेली त्याला खरंखोटं ऐकायचं नव्हतं. पप्पा म्हणाले, "तुम्हा लोकांवर भरवसा ठेवला, तिथंच चुकलं."

काका हळू आवाजात म्हणाले, "आमी लोक म्हंजे कोनते लोक?"

उत्तराची गरज नव्हती. दोघं मराठी होते, दोघांनाही कळलं होतं. आमच्या पूर्वजांनी कैक पिढ्यांमागे धर्म बदलला, पण कोण कुठल्या जातीतून आला हे आमच्यात कोणी विसरलेलं नाही. काकांच्या वडलांनी धर्म बदलला तो तेच टाकून द्यायला, आणि आम्ही मात्र ते बॅगेत घालून बहरीनपर्यंत आणलं होतं. एवढं मला तेव्हा सुचलं नाही. मी तेरा-चौदा वर्षांची होते. कॅरम बोर्ड कोणाकडे जाणार याचीच मला काळजी पडली होती.

ते लोक मनामाबाहेर जिदहफ्सला राहायला गेले. बोर्ड तेच घेऊन गेले. मराठी मंडळाच्या दिवाळीला दोन्ही कुटुंबांना हॉलच्या दोन टोकांना बसवावं लागे, आणि चकल्या वाढणाऱ्यांची पंचाईत व्हायची. आम्हाला दोघांनाही घरून ताकीद होती की शाळेत एकमेकांशी बोलायचं नाही.

आता खरं सांगू का? एका घरात होतो तेव्हा तो मला फक्त बाथरूम अडवून बसणारा मुलगा वाटायचा. बोलायची बंदी आली आणि तो मला दिसायला लागला. शाळेत सगळे इंग्रजी बोलायचो. घरीसुद्धा मम्मी मराठीत विचारायची आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायची. पण मधल्या सुट्टीत पाण्याच्या कूलरपाशी तो मुद्दाम काकांच्या बोलीत विचारायचा, "काय करून राहिली?" एवढ्या तीन शब्दांसाठी मी रोज बाटली रिकामी करायची. जगात माझ्याशी माझ्या भाषेत लाडानं बोलणारा तेवढाच एक मुलगा होता.

भेटायला आम्हाला एकच जागा होती. आमच्या इमारतीत तळमजल्यावर मम्मीच्याच इस्पितळातली एक नर्स राहायची. आम्ही तिला चिनी आंटी म्हणायचो. ती मलेशियाची होती आणि चीन तिनंही कधी पाहिला नव्हता. तिनं भांडणात कोणाचीच बाजू घेतली नाही, दोन्ही घरांशी संबंध ठेवले. काकूंकडे शिवायला टाकलेले तिचे कपडे तो आणून द्यायचा, आणि मी तिच्या हाताखाली मोमोसारखं काहीतरी वळायला जायची. आमच्या करंज्यांना घालतात तशीच मुरड त्यांनाही घालावी लागे. आंटीला सगळं कळत होतं. ती फक्त आम्हा दोघांच्या मध्ये पिठाची परात ठेवायची.

एकदा वळता वळता तिनं गोष्ट सांगितली. तिच्या आजीची गोष्ट. वर आकाशात कापड विणणारी एक मुलगी होती, खाली गुरं राखणारा एक मुलगा. दोघांचं जमलं आणि देवांच्या घरच्या मोठ्या बाईला ते खपलं नाही. तिनं केसातला आकडा काढून आकाशावर एक रेघ ओढली. त्या रेघेची नदी झाली, ताऱ्यांची. एक या काठाला, एक त्या काठाला. फक्त वर्षातून एकदा, त्यांच्या पंचांगातल्या सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी, काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांचे थवे जातात आणि नदीवर पंखांचा पूल करतात.

"आणि बाकीचं वर्षभर पक्षी काय करतात?" मी विचारलं.

"लीव्हवर असतात," तो म्हणाला. आंटी हसली आणि पिठाच्या हातानंच त्याच्या पाठीत धपाटा घातला. त्याच्या निळ्या शर्टावर पांढरा पंजा उमटला. तो झटकला नाही त्यानं, तसाच घरी गेला.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी काकांना सौदीत खोबरला नोकरी मिळाली आणि ते तिघंही तिकडे जाणार असं ठरलं. बहरीनहून सौदीला समुद्रावरून पूल जातो. पुलाच्या मधोमध एक बेट आहे, तिथं दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी. बेटावर दोन उंच मनोरे होते, एक बहरीनचा, एक सौदीचा, अगदी जुळे. वर हॉटेल आणि भोवती सज्जा. व्हिसा नसला तरी आपल्या बाजूच्या मनोऱ्यापर्यंत जाता यायचं, म्हणून शुक्रवारी सगळे फिरायला तिथं.

आंटीच्या भिंतीवर चिनी दिनदर्शिका होती. त्यातला तो सातवा दिवस ऑगस्टमध्ये येत होता. त्याच्या जवळचा शुक्रवार आम्ही धरला. सूर्य मावळायच्या आधी तो त्याच्या मनोऱ्यावर येणार, मी माझ्या. मी पिवळी ओढणी घेणार होते.

"मी पांढरा टॉवेल हलवतो," तो म्हणाला.

"टॉवेल? युद्धात शरण आल्यासारखा?" कुवेतचं युद्ध होऊन थोडीच वर्षं झाली होती, ती दृश्यं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती.

"आलोच ना मी शरण," तो म्हणाला. माझे कान गरम झाले. मग उगाच कडक व्हायचं म्हणून मी अट घातली. जो येणार नाही त्याचं उत्तर 'नाही' असं समजायचं. फोन नाही, विचारणं नाही. खलास. तो हसत "खलास" म्हणाला. अंगात पंधरा वर्षांचा ताठा असला की माणूस असल्या अटी घालतो.

मजा अशी की आम्हा दोघांपैकी कोणालाच गाडी येत नव्हती. म्हणजे मला नेणार पप्पा आणि त्याला आणणार काका. आमचा पूल करणारे पक्षी हेच दोघे भांडखोर, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. मी आठवडाभर पप्पांच्या मागे लागले. शेवटी तो शुक्रवार उजाडला. तिथं चर्चही सुट्टीच्या याच दिवशी. चर्चहून आल्यावर, जेवण-झोप झाल्यावर पप्पा म्हणाले, "चला, यल्ला. ऊन उतरलंय."

मम्मी खालीच हॉटेलात गारव्याला बसली. मी आणि पप्पा सज्जात गेलो. ऑगस्टमधली ती हवा, दमट आणि धुळीनं पिवळी. समोर दुसरा मनोरा अंधुक दिसत होता आणि त्याच्या कठड्याला मुंग्यांएवढी माणसं. पप्पांच्या गळ्यात दुर्बीण होती, गोदीत आलेल्या एका रशियन खलाशाकडून घेतलेली. ती त्यांनी डोळ्याला लावली. आधी समुद्र पाहिला, मग गाड्यांची रांग, मग समोरचा मनोरा. तिथं ते थांबले. खूप वेळ थांबले.

"मला द्या ना," मी म्हटलं.

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. "काही नाही. धूळ नुसती." दुर्बीण चामड्याच्या पिशवीत गेली, पिशवीचं बटण लागलं. "चल, मम्मी खोळंबलीय."

मी ओढणी काढून कठड्यावर धरली. वाऱ्यानं फडफडली, पण त्या पिवळ्या हवेत पिवळीच. पप्पा म्हणाले, "उडेल, आत घे." मी डोळे फाडून पाहत राहिले. समोर काहीतरी पांढरं हललं असं वाटलं, मग तो समुद्रपक्षी असावा असं वाटलं, मग काहीच नव्हतं. पप्पांची दुर्बीण कधी खोटं बोलेल असं माझ्या मनातही आलं नाही. घरी येईपर्यंत माझं उत्तर ठरलं होतं. तो आला नाही.

आंटी म्हणाली, त्या सातव्या रात्री पाऊस पडला तर ते आकाशातल्या त्या दोघांचं रडणं समजतात. बहरीनमध्ये ऑगस्टात कुठला पाऊस! रडले ती मी, बाथरूमचा नळ सोडून. पुढच्या वर्षी आंटीही मलेशियाला परत गेली आणि त्याची खबर देणारं कोणी उरलं नाही. मी अट पाळली. वाटतं, त्यानंही पाळली असेल. पुढे माझं लग्न झालं, चांगल्या माणसाशी झालं. तक्रार नाही, असं लोक म्हणतात तेव्हा कुठंतरी असतेच. माझीही आहे.

पप्पा आता वसईला असतात. मम्मी जाऊन काही वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि दिसायला लागलं म्हणून स्वारी खूश. विहिरीवरचा खंड्या बघायला त्यांना जुनी दुर्बीण हवी झाली. मी ती कपाटातून काढली आणि ओट्यावर बसून काचा पुसायला घेतल्या.

"त्या दिवशी पुलावर तो मला दिसला होता," पप्पा म्हणाले.

माझा हात थांबला. "कोण?"

"नागपूरवाला. समोरच्या टॉवरवर होता. दोन्ही हात वर करून हलवत होता गं. त्याच्याकडे दुर्बीण नव्हती. माझ्या उभं राहण्यावरूनच ओळखलं असेल त्यानं."

"मग तुम्ही का नाही हात केलात?"

पप्पा विहिरीकडे बघत राहिले. "माझ्या हातात दुर्बीण होती," ते म्हणाले.

मला इतका संताप आला की दुर्बीण अंगणात भिरकावून द्यावीशी वाटली. पण आवाज साधाच निघाला. "आणि बरोबर कोण होतं?"

"त्याचा पोरगा. येडा, पांढरा टॉवेल घेऊन उभा होता. युद्धात शरण येतात ना, तसा हलवत होता." पप्पा जरासे हसले आणि मग त्यांचे नवे डोळे भरून आले. "मी नुसता हात केला असता ना, तर दुसऱ्या शुक्रवारी तो पूल ओलांडून आला असता. बोर्ड घेऊन आला असता."

तीस वर्षं मी त्या आलेल्या मुलावर रागावले होते. आणि या माणसाला वाटत होतं, त्या दिवशी त्यानं फक्त स्वतःचा मित्र घालवला. मी तोंडाची फटकळ, सगळं सांगायला जिभेवर आलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मांडीवर दोन्ही हात उघडे टाकून ते बसले होते.

"तू का गं एवढं विचारतेस?" पप्पांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि काच पुसत राहिले. "धूळ नुसती."